गोठ्यातले चारशे घोडे

जगात हट्टी माणसं पुष्कळ असतील, पण स्वतःच्याच विरुद्ध हट्ट धरून तो तडीला नेणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. निमगाव साव्याच्या एका घरातल्या दोन बहिणी. थोरली मला दिली, धाकटी त्यांना. मी मंचरला एका डेअरीत दुधाची फॅट आणि डिग्री तपासण्यात नोकरी काढली, त्यामुळे मापात बसेल तेवढंच बोलायची मला सवय. साडू पिंपळवंडीचे बागायतदार, आणि मापात बसेल असं काहीही करायचं नाही अशी त्यांची सवय. तरी आमचं जमलं, कारण आकडा दोघांनाही लागतो. मला तो सुरुवातीलाच लागतो, त्यांना सगळा उद्योग करून झाल्यावर.

त्यांचा सगळ्यात मोठा उद्योग म्हणजे ती गाडी. जपानी, दोन दारांची, आणि इतकी बुटकी की आत बसायचं तर आधी तिला वाकून नमस्कार घालावा लागतो. पुण्यातल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती कव्हराखाली धूळ खात पडलेली साडूंना दिसली, आणि द्राक्षाच्या औषधाला म्हणून गेलेला माणूस टेम्पोत मोटार घालून परत आला. बैल चढवायला शेताच्या बांधाशी जो उंचवटा केलेला आहे, त्यावरूनच ती उतरवली. घरात जागा नव्हती म्हणून ती गोठ्यात गेली, आणि गोठ्यातल्या दोन गाई बाहेर पत्र्याखाली आल्या. "चार दिवसांचं काम हाय," असं साडू तेव्हा म्हणाले होते. त्या गाईंची वासरं पत्र्याखाली जन्मली, पत्र्याखाली मोठी झाली आणि गाई म्हणून पत्र्याखालीच उभी राहिली.

साडूंचा कान हा स्वतंत्र विषय आहे. लांब पट्टीचा स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे, ही त्यांची तपासणी. एका दिवाळीत आमच्याकडे फराळाला आले असता स्वयंपाकघरातला मिक्सर ऐकून ते भरल्या ताटावरून उठले. "ताई, बेरिंग गेलंय याचं," म्हणाले आणि तिथेच तो उघडला. बेरिंग खरंच गेलेलं होतं. चटणी मात्र आम्ही दुसऱ्या दिवशी खाल्ली. माणसांनाही ते त्याच कानाने ऐकतात. मी कुठल्याही गोष्टीला 'हो' म्हणायला जरा वेळ लावतो, त्यावर त्यांचं निदान ठरलेलं: "पावणं, तुमचा बूस्ट लई उशिरा येतो राव!"

बूस्ट म्हणजे टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब. टर्बो हा इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा असतो. जितकी हवा जास्त, तितकं इंधन जास्त जाळता येतं आणि तितकी ताकद वाढते. कंपनीने त्या गाडीला असे दोन छोटे टर्बो दिले होते. साडूंनी ते दोन्ही काढले आणि बाहेरून मागवलेलं एका मोठ्या टर्बोचं किट बसवलं. टर्बो दिसतो शंखासारखा, म्हणून मेहुणी त्याला गोगलगाय म्हणते. "दोन लहान गोगलगाई काढल्या आन् एक थोरली बसवली," असं ती आल्या-गेल्याला सांगते. थोरल्या गोगलगाईचा दोष असा की ती आधी बराच वेळ विचार करते आणि मग एकदम उधळते. आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की साठलेली हवा 'फिस्स' करून बाहेर पडते. त्या आवाजाने उसातला बिबट्या आल्या पावली परत गेला, असं साडू सांगतात. बिबट्याचं म्हणणं मी ऐकलेलं नाही, म्हणून त्याबद्दल मी काही लिहीत नाही.

किट बसवलं, पाइप वळवले, नवीन पिस्टन घातले, आणि मग साडूंनी जेवताना माझ्यासमोर जाहीर केलं की ही गाडी चारशे एचपी, म्हणजे चारशे घोड्यांची ताकद, देणार. मेहुणी भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही. "विहिरीवरची पाच एचपीची मोटर सगळं रान भिजवती," ती म्हणाली. "चारशे एचपीत काय तालुका भिजवायचाय का? दाजी, तुमीच इचारा यांना. माझ्या गाई पावसात आन् ह्यांचं डबडं गोठ्यात."

"डबडं न्हाई ते! चारशे निघतील."

"निघाल्यावर सांगा."

"आन् निघालं तर?"

"मंग ऱ्हाऊ द्या गोठ्यात. जल्मभर ऱ्हाऊ द्या. पर संक्रांतीच्या आत न्हाई निघालं, तर गाडी भाईर आन् माझ्या गाई आत. दाजी घड्याळ धरतील."

घड्याळ धरणं हा त्या घराचा शब्द आहे. आमचे सासरे बैलगाडा शर्यतीचे गाडामालक. घाटात गाडा सुटला की तो वर निशाणापर्यंत किती सेकंदात पोचला, त्यावर सगळं ठरतं. ज्याच्या हातात घड्याळ असतं त्याचा शब्द शेवटचा, आणि एका गाड्याला एकच बारी, म्हणजे एकदाच पळायचं. सासरे गेले तेव्हा शर्यतींवर बंदी होती. दावणीचे बैल त्यांनी बंदीतही विकले नव्हते, रोज सकाळी खरारा करायचे. घाट पुन्हा सुरू झाले ते त्यांच्या माघारी. साडूंना घाटाचा नाद लागला तो त्यांच्याच मागे फिरून. त्यामुळे मेहुणीने घड्याळाचं नाव काढल्यावर साडूंनी हातातला घास खाली ठेवला आणि म्हणाले, "कबूल."

हे घड्याळ म्हणजे डायनो. मंचरच्या अलीकडे हायवेला एका गॅरेजवाल्याने तो बसवलेला आहे. जमिनीत जाड लोखंडी रूळ, गाडीची मागची चाकं त्यावर, आणि गाडी पट्ट्यांनी आवळून बांधलेली. ती जागेवरच पळते आणि रूळ फिरवते. त्यावरून चाकांपर्यंत किती एचपी पोचली ते कॉम्प्युटर सांगतो. गाडीला वारा लागत नाही म्हणून समोर माणसाच्या उंचीचा पंखा ठेवतात. इंजिनाला इंधन किती द्यायचं आणि ठिणगी केव्हा पाडायची हे लॅपटॉपवरून ठरवणारा तो ट्यूनर. आमचा ट्यूनर पुण्याचा, चष्मा लावणारा, मोजकं बोलणारा गृहस्थ होता. मला तो लगेच आवडला.

दसरा होऊन गेला होता आणि ऑक्टोबरचं ऊन पत्र्यातून खाली उतरत होतं. ट्यूनरने कमी दाबापासून सुरुवात केली. प्रत्येक वेळी गाडी किंचाळायची, पट्टे ताणले जायचे, पडद्यावर रेघ चढायची, आणि साडू स्क्रूड्रायव्हर कानाला लावून उभे. तीनशे दहा. मग तीनशे बावन्न. दुपारी तीनशे एक्क्याण्णव.

"आज याच्या पुढे नको," ट्यूनर म्हणाला. "इंजिन नॉक करायला लागलंय, आत इंधन अवेळी पेटतंय. हवा फार गरम आहे, उगाच पिस्टन वितळतील. पण तुमचं काम झालेलं आहे. करेक्शन लावलं की चारशे चार होतात."

"करेक्शन म्हंजी?"

"हवा गरम असली की विरळ होते, ताकद कमी दिसते. म्हणून ठरलेल्या तापमानाला आणून आकडा काढतात. सगळीकडे असंच करतात."

मला हे ताबडतोब पटलं. दुधाची डिग्री, म्हणजे दाटपणा, पाहताना आम्हीही हेच करतो. दूध गरम असेल तर डिग्री कमी दिसते, म्हणून तापमान पाहून ती दुरुस्त करायची. नाही केली तर शेतकऱ्यावर अन्याय होतो. मी साडूंना म्हणालो, "साडूभाऊ, घड्याळ माझ्या हातात आहे आणि मी सांगतो, चारशे चार धरा. यात लबाडी काही नाही."

साडूंनी स्क्रूड्रायव्हर खिशात घातला. "पावणं, घाटात बैलाला ऊन लागलं म्हणून कुणी सेकंद कापून दिलाय का आजवर? मामांनी कधी मागितला का?" मामा म्हणजे आमचे सासरे. "तीनशे एक्क्याण्णव. जेवढं पळालं तेवढं."

मी त्यांना टोलनाक्यापर्यंत समजावत होतो. गरम दुधाचं सांगितलं, गार दुधाचं सांगितलं. ते म्हणाले, "दूध पळत न्हाई." 

घरी पोचल्यावर त्यांनी स्वतःच सांगितलं, "न्हाई निघालं." मेहुणीने मला बाजूला घेऊन विचारलं, "दाजी, खरं किती?" मी दोन्ही आकडे सांगितले, करेक्शन समजावलं, आणि यांनी ते का नाकारलं तेही सांगितलं.  ती म्हणाली, "आण्णा बी असंच बोलले असते." आण्णा म्हणजे तिचे वडील. आणि जाताना, जणू डाळीला फोडणी द्यायचं सांगावं तसं, म्हणाली, "पुढच्या येळंला मी बी येते."

पुढची वेळ पौषातली, संक्रांत तोंडावर आलेली. साडूंनी मुद्दाम पहाट निवडली. गार हवा दाट असते आणि थोरल्या गोगलगाईला ती मानवते. कुकडी नदीच्या काठाने धुकं पसरलं होतं. मेहुणी शाल गुंडाळून आली होती, हातात नारळ आणि कमरेला भंडाऱ्याची पिशवी. "मशिनीवर चढणार हाय गाडी, मोकळ्या हातानं कसं जायचं?" असं तिचं म्हणणं. नारळ गॅरेजच्या दारात फोडला. पट्ट्यांनी आवळलेली गाडी तिने चहूबाजूंनी फिरून पाहिली आणि म्हणाली, "बांधल्याली हाय की. मंग पळणार कुठं?"

"बघशील," साडू म्हणाले. इंजिन तापलं, ट्यूनर आत बसला. तेव्हा साडू खिडकीशी वाकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "भाऊ, एकच बारी. काय बी झालं तरी मधी सोडायचं न्हाई. आन् आकडा कच्चा बघायचा, करेक्शन न्हाई."

मी पडद्यापाशी उभा राहिलो. मेहुणी पंख्याच्या शेजारी उभी राहिली. रूळ फिरू लागले. सुरुवातीला गोगलगाय नेहमीप्रमाणे विचार करत होती. मग तिचा विचार झाला. जो आवाज निघाला तो मी शब्दांत मांडू शकत नाही. ऑक्टोबरातही गाडी ओरडली होती, पण या वेळी ती सुटली होती. पट्टे थरथरायला लागले, पत्रा घुमायला लागला, रेघ साडेतीनशेवरून सरळ वर निघाली. आणि ज्या बाईने त्या गाडीला डबड्याशिवाय दुसरं नाव दिलं नव्हतं, तिने शाल टाकली, दोन्ही हात वर केले आणि निमगावच्या घाटात ऐकू येईल अशी आरोळी दिली:

"होऽऽ भिर्रर्रर्र!"

गाडा सुटल्यावर घाटात प्रत्येक जण जे करतो, तेच तिने पुढे केलं. पिशवीत हात घातला आणि ओंजळभर भंडारा उधळला. घाटात तो आभाळात जातो. इथे शेजारी पंखा होता. पंख्याने तो सगळाच्या सगळा उचलला आणि गाडीच्या तोंडात घातला.

पुढचे काही क्षण मला पडदा दिसला नाही, कारण माझा चष्मा पिवळा झाला होता. ट्यूनरला तर समोरचं काहीच दिसत नव्हतं, पण बजावलं होतं म्हणून त्याने शेवटपर्यंत पाय काढला नाही. 'फिस्स' झालं, आणि त्याबरोबर पिवळा धूर बाहेर आला. मी चष्मा पुसला. रेघ वर जाता जाता टोकाला मान टाकल्यासारखी वाकली होती. तीनशे सत्त्याण्णव.

ट्यूनरने बॉनेट उघडलं. हवेचा फिल्टर हळदीच्या डब्यासारखा भरला होता. मेहुणीने तोंडावर हात ठेवला. "अवो, म्या काय केलं वो हे?"

साडूंच्या भुवया, मिशा, कानातले केस, सगळं पिवळं झालं होतं. मला वाटलं, आता हा माणूस खाली बसतो. पण ते हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "भंडारा पडला!" ते ट्यूनरला, मला, पंख्याला सांगत होते. "मामांच्या लेकीनं माझ्या गाडीवर भंडारा टाकला!"

"दुसरा फिल्टर आहे माझ्याकडे," ट्यूनर म्हणाला. "बदलतो. पुन्हा घेऊ, चारशेच्या वर जाईल."

"घ्या की!" मेहुणी पुढे झाली. "चूक माझी हाय. दुसऱ्यांदा घ्या, मी सांगते."

साडूंचं हसू थांबलं. "गाडामालकाची लेक तू, आन् दुसरी बारी मागती? एकच म्हणलं व्हतं. पावणं, घड्याळ काय म्हणतं?"

मी म्हणालो, "तीनशे सत्त्याण्णव." माझ्या नोकरीत मी पुष्कळ आकडे मोठ्याने वाचले, पण इतका जड एकही नव्हता.

त्याच दिवशी त्यांनी गोठा धुतला, गाई आत बांधल्या आणि गाडी पत्र्याखाली उभी केली. मेहुणी तीनतीनदा म्हणाली, राहू द्या, गाईंना बाहेरची सवय झालीय. पण त्यांनी ऐकलं नाही. मी त्या रेघेची चढण पुढे वाढवून पाहिली होती. फिल्टर भरला नसता तर चारशे सहा व्हायला हवे होते. संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेलो तेव्हा मी तो आकडा त्यांना सांगितला. ते म्हणाले, "पावणं, भंडाऱ्याचा हिशोब मांडत नसत्यात." तो पिवळा फिल्टर त्यांनी न धुता गोठ्याच्या दारावर टांगला आहे, सासऱ्यांच्या बैलांच्या घुंगुरमाळेशेजारी.

परवा संध्याकाळी गेलो होतो. गाई आत निवांत रवंथ करत होत्या. बाहेर गारवा पडायला लागला होता, आणि मेहुणी ट्रंकेतून काढलेली बैलांची जुनी झूल, आरशांची, एका कडेला विरलेली, गाडीच्या बॉनेटवर घालत होती. कडा नीट खोचून झाल्यावर तिने बॉनेटवर हलकेच थाप मारली. तिचे वडील बैलांना अशीच मारायचे. मी पाहतोय हे लक्षात आल्यावर ती जराशी ओशाळली.

"दाजी," ती म्हणाली, "पुढच्या थंडीला मी भंडारा घेऊन गाडीच्या मागं उभी ऱ्हाईन."