खडीवरचा मान

समोरासमोर मोटारी कशा आदळतात, असं कुणी विचारलं की लोक लगेच शहाणपण सांगायला लागतात. धुरळा उडतो, डोळ्यांवर ऊन येतं, वळणापलीकडचं दिसत नाही, ब्रेक लागत नाही, ड्रायव्हरला डुलकी लागते. सगळं खरं. पण माझा उजवा हात मोडला आणि माझा जिवलग दोस्त गेला, त्या सकाळी यातलं काहीएक नव्हतं. सडक सरळ, हवा स्वच्छ, ब्रेक ठणठणीत आणि आम्ही दोघेही टक्क जागे. मागं बसलेले तेवढे झोपले असते तर बरं झालं असतं.

महाराजांचा अमल होता. कोल्हापुरात मोटारी इतक्या थोड्या की भोंगा ऐकून कुणाची गाडी ते पोरंसुद्धा सांगत. सडकेच्या मधोमध खडी दाबलेली एक पट्टी आणि दोन्ही कडांना मऊ मुरूम. समोरून दुसरी मोटार आली की दोघांनीही डावं चाक मुरमात उतरवायचं, असं आम्हाला शिकवलेलं. पण आमच्याकडं कोण उतरणार हे दरबारातल्या बैठकीवरून ठरे. ज्याची बैठक खालची त्याची मोटार मुरमात, वरची असेल तो खडीवर. बैलगाडीवाले बिचारे थेट चरात जायचे.

मी एका इनामदारांची मोटार चालवत असे, दोस्त एका सरदारांची. पुण्यात एकाच उस्तादाच्या हाताखाली आम्ही शिकलो, एका ताटात जेवलो. तो मुसलमान, मी मराठा, हे आम्हाला कधी आठवावं लागलं नाही. मालक गाडीत नसले की दोघेही डावं चाक मुरमात घालायचो, भोंगा वाजवायचो आणि जाता जाता एकमेकांना मनसोक्त शिव्या हासडायचो. तेवढ्या सडकेवरून दोन मोटारी आरामात जात. त्याला फार अक्कल लागत नव्हती.

मग सरदारांची मुलगी इनामदारांच्या घरात दिली आणि सगळा घोळ झाला. मुलीच्या बापानं व्याह्यापुढं नमतं घ्यायचं ही रीत. पण हा बाप दरबारात वरच्या बैठकीचा. आता मुरमात उतरायचं कुणी? तोंडावर कोण विचारणार! दोघेही आपापल्या मनात समोरच्याला उतरवून मोकळे झाले होते.

पौर्णिमेला मी मालकांना घेऊन नृसिंहवाडीच्या दर्शनाहून परतत होतो आणि सरदारांची मोटार वाडीकडं निघालेली. लांबूनच दोस्तानं भोंगा दिला, मीही दिला. मी चाक डावीकडं घेणार तोच मागून मालकांची काठी खांद्यावर आली.

"सरळ घे."

"सरकार, समोर तुमचं व्याहीच हायती."

"म्हणूनच म्हणतोय. पोरीचा बाप हाय त्यो. उतरंल की."

त्या मोटारीतही असंच काहीतरी चाललं असणार. कारण दोस्तही खडीवरून हलेना, आणि हा माणूस बैलगाडीलाही वाट देणारा. शेवटी मी काठी झिडकारून चाक फिरवलं. त्यानंही फिरवलं, त्याचं डावं चाक मुरमात रुतलेलं मी नंतर माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पण दोघांनाही उशीर झाला होता. उजवा कोपरा उजव्या कोपऱ्यावर आदळला आणि चालवणारा बसतो उजवीकडंच. इनामदारांचा फेटा सुटला. सरदारांच्या गुडघ्याला खरचटलं. दोस्त जागच्या जागी संपला.

व्याह्यांनी एकमेकांना दोष देऊन कसं चालेल? पोरगी नांदायची होती. दोघे एका गादीवर बसले, चहा झाला आणि ठरलं की मेलेला ड्रायव्हर दारू प्यालेला होता. हे ऐकून माझं डोकंच फिरलं. ज्यानं आयुष्यात थेंब तोंडाला लावला नाही, जो पहाटेची नमाज पढल्याशिवाय गाडीला हात लावत नसे, तो दारुडा! मी फौजदारांना काठीसकट सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पान खाल्लं. मालकांनी मला बोलावून घेतलं.

"मेलेल्याला काय फरक पडतोय? तुला जगायचं हाय न्हवं?"

मी गप्प बसलो नाही, तेव्हा मला घालवून दिलं. तसाही तो हात पुन्हा चाक धरणार नव्हता. पुढं व्याह्यांनी आपसात ठरवूनही टाकलं की समोरासमोर आलो तर दोघांनीही मुरमात उतरायचं. इतकं सोपं होतं ते. आधी ठरवायला काय झालं होतं, मेल्यांनो?

हात गळ्यात बांधून मी दोस्ताच्या घरी गेलो. त्याची आई उंबऱ्यात बसली होती. मयतीला गल्लीतले निम्मे लोक आलेच नव्हते. दारूत मेलेल्याला खांदा कोण देणार, असं बोलले म्हणे.

"लेकरा, माझा पोरगा खरंच प्यालता काय रं?"

"न्हाय चाची. शपथेवर सांगतो."

"मला काय सांगतोस? मी आई हाय त्याची, मला ठावं हाय." तिनं गल्लीकडं हात केला. "त्यास्नी सांग. मोठ्यानं सांग."

मी गल्लीच्या मधोमध उभा राहिलो आणि घसा फाटेस्तोवर ओरडून सांगितलं, काठीचं, व्याह्यांचं, मुरमातल्या चाकाचं, सगळं. समोरच्या दारात एक म्हातारा उभा होता. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं, मग आत गेला आणि कडी लावून घेतली.