टीव्हीतल्या मुलीने कुंकू लावून घेतलं

असले अनुभव सांगणाऱ्यांची मी आजवर भरपूर टिंगल केली आहे. आज माझी करा, खुशाल करा... पण आधीच बजावते — ‘आईचं वय झालंय’ हे कारण मला कोणी ऐकवायचं नाही! माझी आई अजून भाजीवाल्याशी अस्सल गुजरातीत हुज्जत घालून येते.

आम्ही बडोद्याला, रावपुऱ्यात राहतो. मी, माझे मिस्टर आणि आई. धाकटी बहीण सुनीता कोयलीला. म्हणजे याच शहरात म्हणायची! तरी बाईसाहेब दोन वर्षं फिरकल्या नाहीत. का? तर ‘तू आईला कामाला जुंपलंयस’ असं मला माझ्याच स्वयंपाकघरात सुनावून तरातरा निघून गेल्या. आई करंडा घेऊन मागे धावली. आमच्याकडे माहेरवाशीण कुंकू लावल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. ही ओलांडून गेली. तेव्हापासून प्रत्येक सणाला आईचं एकच, “सुनी येणार का गं?” मी काय सांगणार, कपाळ?

त्या रविवारी संध्याकाळी ह्यांनी एक ब्रिटिश सिनेमा लावला. म्हणे फॅमिली ड्रामा आहे, सगळ्यांना बघता येईल. डोंबलाचा फॅमिली ड्रामा! एक आई, दोन मुली, आणि जेवणाच्या टेबलावर हळू आवाजात एकमेकींना टोचून बोलणं. सायकॉलॉजिकल म्हणे! आईला इंग्रजी येत नाही, पण ती डोळे लावून बघत होती.

शेवटी धाकटी मुलगी कोट चढवून दाराकडे निघाली. आमची आई ताडकन उठली, देव्हाऱ्यातून करंडा घेऊन आली.

“थांब गं. कुंकू लावून जा.”

मी हसणारच होते... पण ती मुलगी थांबली. वळली. सरळ आमच्याकडे चालत आली आणि मान खाली घालून उभी राहिली. आईने काचेवर बोट टेकवलं. मग ती मुलगी दाराबाहेर गेली. मी धावत जाऊन बघितलं — काचेवर ठिपकासुद्धा नाही!

रिमोट घेऊन तोच सीन पुन्हा लावला. मुलगी सरळ बाहेर जाते, दार आपटतं. कितीदा लावला तरी तेच. आणि आमचे हे काय म्हणाले? “जवा दे ने, सोड की, मी मोबाईल बघत होतो.” साफ खोटं! हातातला चहा सोफ्यावर सांडला होता ह्यांनी, तो डाग मी घासलाय.

माझं डोकंच फिरलं. कुठली परकी गोरी पोरगी आईच्या हाकेला वळते आणि माझी सख्खी बहीण नाही? सुनीताला फोन लावला. “उद्या ये. कारण विचारलंस तर तिथे येऊन झिंज्या उपटीन!” सिनेमाचं अवाक्षर बोलले नाही.

आली. रडली, जेवली. निघताना मीच आईच्या हातात करंडा दिला.

आई माझ्याकडे बघतच राहिली. “अगं, काल लावलं की हिला. पुन्हा कशाला?”

मी काही बोलायच्या आत सुनीता हळूच म्हणाली, “हो आई. लावलंस.”

आईचं मन राखायला म्हणाली, की... जिन्यात गाठून विचारलं, तर माझ्या गळ्यात पडून नुसती रडली. ह्यांना विचारावं तर हे मोबाईलमध्ये. आई म्हणते, त्यात एवढं विचारण्यासारखं काय आहे! या घरात मला कोणी काही सांगेल तर शपथ... तुमच्यापैकी कोणाला कळलं असेल, तर तुम्ही तरी सांगा.