उमरावाचा हातमोजा आणि आबांचा कोट

आज दुपारी दिल्लीतच मयूर विहारला भावाकडे जेवायला गेले, तर भाची जुई तोंड पाडून बसलेली. उद्या कॉलेजात तिला एका चित्रावर बोलायचं आहे. तिने ते मोबाइलवर दाखवलं: पाचशे वर्षांपूर्वीचा इटलीतला उमराव, काळा मखमली पोशाख, एका हातात हातमोजा, दुसरा हात पुस्तकावर.

"आत्या, बाकीच्यांनी असली चित्रं युरोपात जाऊन बघितलीत यार. मी काय बोलणार?"

"तिकीट काढून बघितलं की चित्र कळतं का? त्याचे हात बघ."

"एकदम सॉफ्ट आहेत."

"म्हणजे कधी काम करावं लागलं नाही, हे त्याला दाखवायचंय. चित्रातली प्रत्येक वस्तू निवडून ठेवलेली आहे."

तिने मान वर केली. समोरच्या भिंतीवर आबांचा, म्हणजे तिच्या आजोबांचा, नागपूरच्या स्टुडिओतला फोटो आहे. खिशाला पेन, हात पुस्तकावर.

"आबांच्या कोटाच्या बाह्या बोटांपर्यंत आल्यात."

"कोट स्टुडिओचा होता. तेव्हा ते दिवसा गिरणीत असायचे आणि संध्याकाळी रात्रशाळेत."

ती बघत राहिली. "म्हणजे त्या उमरावाने आपल्याकडे आहे ते दाखवलं. आबांनी मिळवायचंय ते दाखवलं."

मी फोटो भिंतीवरून काढून तिच्या हातात दिला. उद्या ती दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावणार आहे.

ज्यांच्या घरात असा फोटो आहे, त्यांना चित्र वाचायला विलायतेला जावं लागत नाही. तुमच्या घरातल्या सगळ्यात जुन्या फोटोत कुणाच्या हातात काय आहे? बघून सांगा.