दोन फूट खाली गेलेला कट्टा

“हितं बसून दाखवा की ओ मॅडम!” नरसम्मांनी दुकानाच्या दारातल्या दगडाकडे बोट केलं.

मी हातातला नकाशा गुंडाळला आणि बसले. गुडघे थेट हनुवटीपाशी आले. दगड रस्त्यापासून जेमतेम चार बोटं वर होता.

“आता सांगा, हितं बसून कोण साडी बघंल?”

मी एका ठेकेदार कंपनीत रस्त्याची इंजिनिअर. सोलापुरातली ही जुनी कापडपेठ पुन्हा उभी करायचं काम आमच्याकडे आलं होतं. नवा डांबरी रस्ता, दिवे, कुंड्या, बाकडी. निम्म्या दुकानांना कुलपं होती. विणकरांच्या घरातल्या नरसम्मा सासऱ्यांच्या हाताखाली दुकान शिकल्या आणि तिथंच म्हाताऱ्या झाल्या. त्यांची मुलं जुळे सोलापूरच्या नव्या वस्तीत गाळा बघून आली होती. दिवाळी झाली की इथलं शटर कायमचं पडणार होतं.

“लोक आता मॉलमध्ये जातात...” मी सुरुवात केली.

“मॉल आत्ता आला की! आमचं गिऱ्हाईक आधीच गेलं. बार्शीचं, अक्कलकोटचं माणूस यायचं, कट्ट्यावर बसायचं. पाय लोंबायचे. चहा यायचा, मग साड्या. बसलेलं गिऱ्हाईक रिकामं उठत न्हाय, उभं असलेलं थांबत न्हाय. तुमच्या रस्त्यानं कट्टाच गिळला!”

मला राग आला. आपल्या कामाला नावं ठेवली की येतोच. म्हटलं, खोदूनच बघू.

दुसऱ्या दिवशी दुकानासमोर ट्रायल पिट घेतला, म्हणजे तपासणीपुरता खड्डा. डांबराचे थरावर थर निघाले. कट्ट्याचा घडीव दगड आपला खाली खाली चाललेलाच. दोन फुटांवर जुनी दगडी गटार लागली.

रस्ता नवा करताना आधी जुनं डांबर मशीनने खरवडायचं असतं. त्याला मिलिंग म्हणतात. पण त्यात वेळ जातो, धूळ उडते, लोक बोंबलतात. मग जुन्यावरच नवा थर ओढला जातो. इथले वरचे दोन थर माझे होते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत याच पेठेत काम वेळेआधी संपवलं म्हणून मी पेढे वाटले होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“रस्ता दोन फूट खाली न्यायचा,” मी कंपनीच्या साहेबांना सांगितलं.

“डोकं ठिकाणावर आहे का? पावसात तळं होईल! आणि सणाच्या तोंडावर पेठ खोदलीत तर व्यापारी मला उलटं टांगतील.”

“तळं होणार नाही, मोजून दाखवते. व्यापाऱ्यांच्या सह्याही आणते.”

तीन दिवस उन्हात लेव्हल मशीन लावून गटारीपासून नाल्यापर्यंतची उंची मोजली. उतार शाबूत होता. फक्त गटारीचं तोंड आमच्या डांबराखाली बुजलं होतं. साहेबांनी आकडे दोनदा तपासले आणि म्हणाले, “आता सह्या आणा.”

सह्यांसाठी नरसम्मा माझ्याबरोबर दारोदार हिंडल्या. मराठीत, तेलुगूत, दखनीत भांडल्या. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला, “दिवाळीचा धंदा बुडंल, अक्का.”

“धंदा हाय कुटं बुडायला?” नरसम्मा कडाडल्या. त्यानं सही केली.

मग खोदलं. पाण्याची लाइन वरच्या थरात होती, ती खाली घ्यावी लागली. बारा दिवस पेठेनं टँकरवर काढले आणि मला यथेच्छ शिव्या दिल्या. मी ऐकून घेतल्या, काम थांबवलं नाही. बाकडी मात्र नकाशातून खोडली. वसुबारसेच्या आधी रस्ता खुला झाला.

सगळी पेठ काही एका दिवाळीत भरली नाही. काही कुलपं अजून तशीच आहेत. पण त्या आठवड्यात मी लेव्हल तपासायला गेले, तर नरसम्मांच्या कट्ट्यावर बार्शीचं एक कुटुंब लग्नाचा बस्ता बांधत बसलं होतं. नरसम्मांचा थोरला मुलगा साड्या उलगडत होता. गाळ्याचं मी विचारलं, तर म्हणाला, “बघू की, पुढच्या वर्षी.”

“मशीन ठेवा बाजूला,” नरसम्मा म्हणाल्या. “बसा.”

रस्त्यावरून रस्ता तपासायचा नसतो, हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर कळलं. मी कट्ट्यावर बसले. पाय जमिनीला टेकले नाहीत. लेव्हल बरोबर होती.