समोरच्या बाजूची मैत्रीण

सांगलीला इंजिनिअरिंगला असताना वसतिगृहात माझ्या खोलीत औंधजवळच्या एका खेड्यातली मुलगी होती. मी वाईची. तिचे वडील फौजेतून निवृत्त झालेले, घरचा ऊस. आमची मैत्री झाली ती वाद घालून. एखाद्या गणितावर सुरू झालेलं भांडण मेसमध्ये ताटं घासायला जाईपर्यंत चालायचं, आणि हरलं कोण यावर पुन्हा नवीन भांडण.

पुढे ती पुण्यात मोबाइलच्याच क्षेत्रात नोकरीला लागली आणि मी लग्न होऊन साताऱ्याला आले. घरी बसूनच काम करते. हे काम नातेवाइकांना समजावून सांगता सांगता माझी आई थकली. शेवटी ती "मोबाइलचं काहीतरी वाचते," एवढंच म्हणायला लागली.

ते खोटं नाही. फोन कोणत्याही कंपनीचा असो, टॉवरशी बोलायचे नियम जगभर ठरलेले असतात. त्या नियमांत वेगवेगळ्या कंपन्यांनी शोधलेल्या युक्त्या असतात आणि एकेका युक्तीवर कुणाचं तरी पेटंट असतं. मग एक कंपनी म्हणते, आमची युक्ती वापरता, मोबदला द्या. दुसरी म्हणते, आमचा फोन ते वेगळ्या रीतीनं करतो. अशा वेळी पेटंटमधलं वाक्य आणि नियमांमधलं वाक्य शेजारी ठेवून, शब्दाला शब्द जुळतो का ते पाहणारं माणूस लागतं. ते माणूस मी.

त्या वर्षीचा खटला दिल्लीला चालू होता. प्रश्न साधा होता. आपण बसमध्ये बोलत असतो, बस पुढे जाते, फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर जातो. मी जिच्या बाजूनं काम करत होते त्या कंपनीच्या पेटंटमध्ये लिहिलं होतं की टॉवरचा संदेश 'मिळाल्यावर' फोन शेजारच्या टॉवरांची ताकद मोजतो. समोरची कंपनी म्हणत होती, 'मिळाल्यावर' म्हणजे मिळाल्या मिळाल्या. आमचा फोन आधी थोडा थांबतो, म्हणजे ही तुमची युक्तीच नव्हे. या एका शब्दावर मी कित्येक पानं लिहिली.

मग दोन्ही बाजूंच्या तंत्रज्ञांची ऑनलाइन बैठक लागली. मी कॅमेरा सुरू केला आणि समोरच्या बाजूच्या चौकटींत मला माझी ती वसतिगृहातली मैत्रीण दिसली. तिनंही मला पाहिलं. दोघींच्याही चेहऱ्यावर काही उमटलं नसावं, कारण कुणी काही विचारलं नाही. ती शांतपणे बोलली आणि फार चांगलं बोलली. माझ्या मांडणीतली कच्ची जागा तिनं बरोबर धरली. मला राग आला, आणि त्याच वेळी आत कुठेतरी बरंही वाटलं.

बैठक संपताच मी माझ्या वरिष्ठ बाईंना फोन करून सांगितलं, ती माझी मैत्रीण आहे. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. निकाल लागेपर्यंत या विषयावर एक शब्दही नको. शक्यतो फोनच नको." तिलाही तिच्या ऑफिसनं हेच सांगितलं असणार. रोजचे आमचे मेसेज एकदम बंद झाले.

अडचण अशी झाली की तेव्हा तिला सातवा महिना लागत होता. डोहाळजेवणाचं आमंत्रण तिच्या आईनं मला स्वतः फोन करून दिलं. मी बाईंना विचारलं. "जा, पण कामाचं काही बोलू नका," त्या म्हणाल्या.

मी तिच्या माहेरी गेले. अंगणात मांडव, बायकांची गर्दी. हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत ती झोपाळ्यावर बसली होती. मी ओटी भरली. "बरी आहेस?" मी विचारलं. "बरी आहे," ती म्हणाली. आणि पुढे दोघींनाही काही सुचेना. इतर सगळं बोलता आलं असतं, पण आमचं बोलणं नेहमी कामावरूनच सुरू व्हायचं.

तिच्या आईच्या ते लगेच ध्यानात आलं. मला चुलीपाशी बोलावून म्हणाल्या, "काय गं, तुमचं वाजलंय व्हय?"

"नाही हो काकू. आमच्या कंपन्यांचं भांडण चाललंय."

"मग त्यांनी भांडावं की! तुमी कशापाय गप बसलाय?"

मी जेवून निघाले. गाडीपर्यंत ती सोडायला आली, माझा हात दाबला आणि परत गेली.

तिला मुलगी झाली. त्यानंतर काही आठवड्यांनी बाईंचा फोन आला, दोन्ही कंपन्यांनी तडजोड केली. एकमेकांची पेटंटं वापरायची परवानगी देऊन दोन्ही कंपन्या मोकळ्या झाल्या. 'मिळाल्यावर'चा अर्थ काय, हे कुणीच ठरवलं नाही. मला खूप रिकामं वाटलं. हरले असते तरी चाललं असतं, असं मी नवऱ्याला म्हणाले.

मी बाळाला बघायला गेले. आता बैठकीत उघड झालेलं तेवढं बोलायला हरकत नव्हती. मी विचारलं, "बैठकीत बोललीस तसं तुला खरंच वाटत होतं?"

"निम्मं," ती म्हणाली. "तुला?"

"मला पूर्ण वाटत होतं. तुझं ऐकेपर्यंत."

ती खदखदून हसली आणि बाळ दचकून उठलं. मग बाळाला मांडीवर थोपटत थोपटत तिनं मला पुन्हा एकदा सांगितलं की मी कुठे चुकले होते. मला ते पटलं नाही. दोघीही हटेनात. शेवटी तिच्या आईनं बाळ उचलून आत नेलं.