वनिताचा कॉस्च्युम

भोरच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत वनिताचं ब्लाऊजचं दुकान आहे. दुकान कसलं, घराची पुढची खोलीच. एक शिलाई मशीन, एक कातरायचं टेबल आणि भिंतीवरच्या खिळ्यांना टांगलेले तीसचाळीस ब्लाऊज. गावातल्या निम्म्या बायकांची मापं तिला तोंडपाठ आहेत आणि तिनं ती कधी कुणापुढे उघड केलेली नाहीत. कुणाचा एक खांदा उतरलाय, कुणाच्या दंडावर भाजल्याचा डाग आहे, कुणाची कंबर तीन बाळंतपणांत कुठल्या कुठे गेली, सगळं तिच्या टेपला ठाऊक. खांदा उतरलेल्या बाईला ती आतून पातळ पट्टी घालते, भाजलेल्या दंडासाठी बाही दोन बोटं लांब ठेवते. बाई आरशात बघून हरखते आणि पुढच्या वेळी जावेला घेऊन येते.

तिच्या हाताचा एकच नियम होता, अस्तराशिवाय काही शिवायचं नाही. अस्तर असलं की कापड अंगाला चिकटत नाही आणि आतलं काही बाहेर दिसत नाही. वीस वर्षांत तिनं बिनअस्तराचा एक ब्लाऊज शिवला असेल तर शपथ.

स्वतःच्या अंगाकडे मात्र ती बघत नसे. घरात आरसा होता तो तोंडापुरता. पोरं दोन, मोठा प्रशिक पंधरा वर्षांचा, धाकटी माया अकरा. मायाच्या वेळी ऑपरेशन झालं. सरूबाई, म्हणजे वनिताची सासू, जुन्या लुगड्याची पट्टी करून तयारच होती. बाळंतिणीचं पोट चाळीस दिवस आवळून बांधायचं ही त्यांच्या घरची रीत. पण टाके ओले म्हणून डॉक्टरांनी बांधू दिलं नाही. त्याला अकरा वर्षं झाली तरी सरूबाईंचं एकच तुणतुणं चालू होतं. "पोट बांधलं न्हाईस, म्हून सुटलंय बघ." जणू वनितानंच टाके घालून घ्यायचा हट्ट केला होता.

तर ही वनिता एके काळी पाण्यात अशी काही पोहायची की भोंगवलीची पोरं तिच्याशी पैज लावायला घाबरत. तिथं तिचं माहेर. वडिलांनी पाठीला रिकामा डबा बांधून तिला नदीत सोडलं आणि आठ दिवसांत डबा सोडून घेतला. कुणाची कळशी बुडाली, कुणाचं पैंजण पडलं, की वनिताला बोलावणं यायचं. ती डोहाच्या मध्यावर जायची, पाय खाली करून उभीच बुडी मारायची आणि वस्तू घेऊनच वर यायची. मग एकविसाव्या वर्षी लग्न झालं. भोरला नदी घरापासून दहा मिनिटांवर. पण सुनेनं पोहायला जायचं असतं हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिच्याही आलं नाही. सतरा वर्षं अशी गेली.

मागच्या उन्हाळ्यात हायवेला शिवऱ्याच्या बाजूला एका संस्थेनं पोहण्याचा तलाव बांधला. सकाळी दहा ते बारा फक्त बायका. शिकवायला पुण्याहून सुलक्षणा मॅडम येत. त्या एकदा ब्लाऊज टाकायला वनिताकडे आल्या आणि माप देता देता म्हणाल्या की त्यांना मदतीला इथलीच एक बाई हवी आहे, काठावर लक्ष ठेवायला.

"पोहता येतं का कुणाला, बुडणारीला बाहेर काढण्याइतकं?"

"मला येतं की," वनिता म्हणाली. तोंडातून निघून गेलं आणि मग तिचा तिलाच धक्का बसला.

"मग पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी या. छोटीशी परीक्षा घेईन. फक्त कॉस्च्युम लागेल हं. गाऊन, पंजाबी ड्रेस चालत नाही."

त्या गेल्यावर वनिताला किती तरी वेळ सुईत दोरा ओवता येईना. मशीनवर बसून पाठीची वाट लागली होती, ते एक झालंच. पण तिला हे काम हवं होतं ते निराळ्याच कारणानं. साऱ्या जन्मात तिला एकच गोष्ट सगळ्यांपेक्षा चांगली येत होती, आणि ती तिनं कुणी न सांगता सोडून दिली होती. ती परत मिळणार म्हणून तिला आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाजही वाटली. माया तर उड्याच मारायला लागली, कारण आई तिथं असली की तिलाही पोहायला मिळणार होतं. नवरा अजित टेम्पो चालवतो, माणूस भला. तो म्हणाला, "जा की. पर जरा झाकलेलं बघ काय तरी."

झाकलेलं बघायला ती भोरची सगळी दुकानं फिरली. तिथं पुरुषांच्या चड्ड्या होत्या आणि लहान पोरींचे माशांच्या चित्रांचे कॉस्च्युम होते. मधल्या वयाच्या बायकांनी पोहावं असं कुठल्या दुकानदाराला सुचलं नव्हतं. मोबाईलवरून एक मागवला, तो मांडीच्या वर चढेना. शेवटी मायाला घेऊन एसटीनं ती पुण्याला गेली.

पुण्याच्या दुकानात कपडे घालून बघायच्या खोलीला तिन्ही बाजूंनी आरसे होते आणि वर ट्यूबलाइट. सतरा वर्षांत वनितानं स्वतःला पहिल्यांदा अख्खं बघितलं, पुढून आणि पाठीमागूनही. काळ्या ताणलेल्या कापडातून पोट ऑपरेशनच्या आडव्या रेघेवर वळून खाली ओघळलं होतं. मांड्या एकमेकींवर घासत होत्या. तिला स्वतःची किळस आली. मग ज्या पोटात दोन लेकरं वाढली त्याची किळस येते म्हणून स्वतःचा राग आला, आणि राग येऊनही किळस काही जाईना.

बाहेरून दुकानातली पोरगी म्हणाली, "काकू, तुमच्या साइजला एवढाच आहे. घ्या हो, पाण्यात कोण बघतंय?"

वनितानं घेतला नाही. ज्यानं हा बेतला त्याला बाईचं अंग कळत नाही, असं तिला वाटलं. दुसऱ्यांची पोटं आपण वीस वर्षं झाकतोय, मग आपलंच झाकता येणार नाही? परतताना तिनं ताणणारं, पोहण्याच्या कपड्याचं वांगी रंगाचं कापड घेतलं. ते घेताना ती खुशीत होती.

आठवडाभर गिऱ्हाइकांना तिनं थोपवून धरलं. खाली गुडघ्यापर्यंतची चड्डी, वर आखूड कुर्ती. छातीखालून बारीक चुण्या सोडल्या, म्हणजे पोट कुठे सुरू होतं ते कळू नये. बाजूला गडद पट्ट्या घेतल्या, म्हणजे कंबर आत दिसावी. आणि सुती अस्तर लावलं, पोटाला दुहेरी. कातरताना हात एकदाही अडखळला नाही. शेजारच्या मंगलकडे मोठ्या आरशाचं कपाट होतं, तिथं जाऊन तिनं घालून बघितलं. खरोखर, आरशात एक उंच, बांधेसूद बाई उभी होती. मंगल म्हणाली, "अगं बया, लगीन ठरव आता तुजं!" माया टाळ्या पिटत होती. वनिता वळून वळून बघत राहिली. ती सुंदर दिसत होती, आणि ते तिला कळत होतं.

तो कपडा भिजवून बघावा हे तिच्या मनात आलं नाही. ब्लाऊज कधी कुणी भिजवून बघतं?

रविवारी काठावर वीसेक बायका होत्या. त्यांतल्या निम्म्यांची मापं वनिताच्या वहीत होती. तिनं टॉवेल काढला तेव्हा दोघीतिघी चक्क "वा!" म्हणाल्या. मॅडमनी खूण केली आणि तिनं उडी टाकली.

पाणी कानांवरून गेलं आणि सतरा वर्षं कुठे तरी मागे पडली. हात आपोआप चालायला लागले. पहिली फेरी तिनं अशी मारली की बायका बोलायच्या थांबल्या. दुसऱ्या फेरीत पोटाशी काही तरी जड होत चाललंय असं तिला जाणवलं. अस्तर पाणी पीत होतं. चुण्या फुगल्या, कुर्ती मागे ओढायला लागली, तरी तिनं फेरी पुरी केली. काठावर माया "आई! आई!" ओरडत होती.

"आता शेवटचं," मॅडम म्हणाल्या. "खाली रबराची वीट टाकलीय. ती घेऊन वर या."

वनिता मध्यावर गेली आणि सवयीनं पाय खाली करून उभीच बुडाली. तळाशी वाकून तिनं दोन्ही हातांनी वीट उचलली. त्या क्षणी सैल कुर्ती पाण्यानं उलटून वर आली, छातीवरून थेट तोंडावर. पोटाला थंड पाणी लागलं. तलावाचं पाणी काचेसारखं स्वच्छ होतं आणि वरून वीस बायका बघत होत्या. वनितानं वीट सोडली आणि कुर्ती धरली.

ती मोकळ्या हातांनी वर आली. शिडी चढताना भिजलेलं अस्तर चुण्यांसकट मांड्यांपर्यंत लोंबत होतं आणि त्यातून पाणी ओघळत होतं. कुणीही हसलं नाही. एकीनं तर लगबगीनं टॉवेल आणून गुंडाळला, आणि त्या आपुलकीनं वनिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुलक्षणा मॅडमनी तिला बाजूला नेलं. मागोमाग मायाही आली.

"पोहणं तुमचं फार छान आहे. कपडा चुकला, एवढंच. सुती अस्तर नसतं लावायचं. माझ्याकडे मोठ्या मापाचा साधा कॉस्च्युम आहे, तो घालून पुढच्या रविवारी परत द्या परीक्षा." मग म्हणाल्या, "पण वनिताताई, वीट मात्र सोडायची नाही. ती वीट म्हणजे बुडणारं माणूस असतं."

"व्हय," वनिता म्हणाली. मायाला घेऊन ती बाहेर थांबलेल्या अजितच्या टेम्पोत जाऊन बसली.

पुढच्या रविवारी ती गेली नाही. मॅडमचा दोनदा फोन आला, तिनं उचलला नाही. अजितनं विचारलं तर म्हणाली, पाठ दुखतीय. सरूबाई म्हणाल्या, "बरं झालं, नसतं खूळ." महिन्याभरात मॅडमना दुसरी मुलगी मिळाली, लग्न न झालेली. वांगी कपड्याचं वनितानं काय केलं ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतर एका दुपारी ती हुक लावत बसली होती. माया शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि तिथंच उभी राहिली.

"आई, एक इचारू?"

"इचार की."

"तवा पाण्यात ती वीट नसती आन मी असते, तर?"

वनिताचा हात थांबला. "म्हंजी?"

"तर मला धरलं असतंस का कुर्तीला?"

"येडी का काय तू! तुला सोडीन व्हय मी?"

"न्हाई ना सोडणार?"

"न्हाई गं बाई. कदीच न्हाई."

मायाचं तेवढ्यानं भागलं. पोर ती, भाकरीचा तुकडा घेऊन खेळायला पळाली. वनिता तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिली, आणि मग तिला हुंदका आवरेना. कारण पोरीला वचन देताना तिचा डावा हात पोटावरचा पदर सारखा करत होता.