पूजेला बसलेला ॲम्प
झेंडूचा वास आला की अजूनही माझ्या तळहातांना घाम फुटतो. नेरे गावात भाड्याने राहायला आलो, त्या पहिल्याच दसऱ्याला घरमालकीण काकूंनी ट्रॅक्टर, कोयते आणि विहिरीच्या मोटरीबरोबर माझ्या गिटारचा आवाज वाढवणारा ॲम्पही पूजला. संध्याकाळी शेजारच्या सोसायटीत माझा पहिलाच कार्यक्रम होता, आणि दुपारी ॲम्प लावला तर नुसता करकरून बंद पडला. मागचं झाकण खोललं तर झेंडूच्या फुलाने शिंपडलेलं पाणी हळदकुंकवासकट जाळीतून सर्किटवर ओघळलेलं. प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये करंट साठून राहतो, जीवघेणा झटका बसू शकतो. तो उतरायची वाट बघत मी मीटर धरून बसलो होतो. तेवढ्यात काकू आल्या आणि “अगं बया, कुंकू आत गेलं व्हय? थांब, पुसते,” म्हणत त्यांनी पदर धरून हात सरळ आत नेला. “हात लावू नका!” मी केवढ्यांदा ओरडलो! त्या दारापर्यंत मागे सरल्या, पण तिथून हलल्या नाहीत. मीटर शून्यावर आला, मी स्पिरिटच्या बोळ्याने सगळं पुसलं, उडालेला फ्यूज बदलला. “माज्या पूजंनं बिघडलं का रं?” त्यांनी हळूच विचारलं. “नाही काकू, आतली वायर सुटली होती.” बटण दाबलं, दिवा लागला, गिटार वाजली. काकूंचा जीव भांड्यात पडला. “बघ, पूजा केलीती म्हनून वाचलं!” आता दर दसऱ्याला ॲम्प मीच पूजेला नेऊन ठेवतो, आधी जाळीवर प्लास्टिक चिकटवतो आणि मगच काकूंना हाक मारतो.